गुणाजी तांडेल आणि मऊ पाणी

गुणाजी तांडेलांबद्दल लिहावं इतकं मला त्यांच्याविषयी ठाऊक नाही, हे आधीच सांगतो. त्यांच्या घराच्या ओटीवर मी मोजक्या वेळा बसलो. त्यांना देवाची ओढ होती की नव्हती, त्यांचा राग कशानं चढायचा, तरुणपणी ते कसे होते, यातलं मला काही सांगता येणार नाही. तांडेल हा हुद्दा; त्यांचं आडनावदेखील मला पुढे चौकशीच्या वेळी कचेरीत ते पुकारलं गेलं तेव्हा कळलं. एकदा मात्र आम्ही दोघं एका विमानात गुडघ्याला गुडघा लावून बसलो होतो. ते विमान समुद्रात पडलं आणि त्यातून आम्ही दोघं जिवंत बाहेर आलो. लोकांना वाटतं, असं काही झाल्यावर माणसं एकमेकांना आतून ओळखू लागतात. माझं तसं झालं नाही.

मी त्या वेळी नागावच्या लोकल बोर्डाच्या शाळेत मास्तर होतो. साल एकोणीसशे तेहेतीस असावं. त्या हिवाळ्यात मुंबईच्या एका लहानशा कंपनीनं आमच्या किनाऱ्यावर विमान आणायला सुरुवात केली. आठवड्यातून एकदा ते जुहूहून यायचं, ओहोटीच्या वेळी ओल्या घट्ट वाळूवर उतरायचं आणि बागायतदार, वकील असे दोन-तीन उतारू घेऊन परत जायचं. विमान म्हणजे लाकडाचा सांगाडा, त्यावर कापड आणि पुढे एकच एंजिन. उतारू पुढे पेटीसारख्या बंद डब्यात बसत. चालवणारा त्यांच्या मागे, उंचावर, उघड्यावर. त्याच्यासमोर वाऱ्यापुरती एक काच असे. डबा आणि त्याची जागा यांच्या मध्ये एक लहान खिडकी होती. तिच्यातून ओरडलं तर बोलणं ऐकू जाई.

कोळीवाड्याला हे विमान नकोसं होतं, कारण किनाऱ्यावर त्यांचं मासळी सुकवायचं खळं होतं. वर कोरड्या वाळूत बांबूंच्या दांड्यांवर बोंबील टांगलेले, खाली जवळा पसरलेला. पावसाळ्यात दर्या बंद झाला की वाडा त्या सुक्यावरच जगायचा. होड्या आल्या की बायका पाट्या घेऊन ओल्या वाळूतून पाण्यापर्यंत जात आणि मासळी खळ्यावर आणत. कंपनीची तक्रार अशी की, मासळीमुळे घारी येतात आणि माणसं आडवी येतात. तेव्हा मामलेदारांनी तोड काढली. विमानाच्या दिवशी लाल बावटा लावायचा. विमान उडून दृष्टीआड होईपर्यंत ओल्या वाळूवर कोणी पाय ठेवायचा नाही. एकदा जरी हुकूम मोडला तरी खळं उचलून खाडीपलीकडे न्यायचं. खाडीपलीकडे चिखल आणि तिवरं. तिथं बोंबील सुकत नाहीत, कुजतात.

हुकूम पाळायची जबाबदारी वाड्यानं गुणाजींवर टाकली. ते तेव्हा पन्नाशीचे असतील. ते वाड्यातल्या मोठ्या होडीचे तांडेल, म्हणजे तिचे प्रमुख. दर आठवड्याला ओहोटी लागली की ते वाळूवर टाच मारत चालत जात आणि जिथं टाच रुतणार नाही तिथं काठ्या रोवून विमानाला वाट आखून देत. बावटा लावायचा आणि उतरवायचा तो त्यांचा धाकटा भाऊ बुधाजी. खरं सांगायचं तर विमान दृष्टीआड होईपर्यंत कोणी थांबत नसे. चाकं वाळूवरून उचलली की बुधाजी बावटा उतरवी आणि बायका खाली धावत. विमान उडालं म्हणजे गेलं, असं वाड्याचं मत. निघालेली होडी काही लगेच माघारी फिरत नाही. मामलेदारांना सोडून हे सगळ्यांना ठाऊक होतं.

माझी आणि गुणाजींची ओळख त्या वाळूवरच झाली. मी मुलांना विमान दाखवायला नेत असे. ते जवळ येऊन उभे राहत. बोलणं थोडंच. एकदा मी विचारलं, "मागं बसून चालवणाऱ्या साहेबांना पुढचं नीट कसं दिसतं हो?"

"आमच्या सुकाणूवाल्याला तरी कुठं दिसतं?" ते म्हणाले. "पुढं शीड असतं, मानसं असतात. नाळीवर, पार टोकाला, उभा राहील त्यानं बघायचं न् सांगायचं. सुकाणूवाल्यानं ऐकायचं."

"आणि त्याला पटलं नाही तर?"

"खाडीच्या तोंडाशी पटायला येळ कुनाला हाय, मास्तर?"

मोसम संपत आला तेव्हा कंपनीनं ठरवलं की, शेवटच्या फेरीला तांडेल आणि मास्तर या दोघांना मुंबईला फुकट न्यायचं. मला ते नको होतं. गुणाजींना त्याहून नको होतं, पण वाड्याचं नाक म्हणून ते तयार झाले. धुतलेला सदरा, डोक्याला लाल रुमाल. बायका पाट्या घेऊन खळ्याशी बसल्या होत्या, कारण होड्या किनाऱ्याजवळ येऊ लागल्या होत्या आणि मासळी भरपूर असणार हे शिडांवरच्या घारींवरून कळत होतं. नीराबाई, म्हणजे गुणाजींची बायको, त्यांच्यात पुढं होती.

ती मला म्हणाली, "मास्तर, आमच्या तांडेलाला परत आना बरं का. न्हाय आनला तरी चालल. सुकाणू मी धरीन."

"तू धरलंस तर मासली आपल्या पायानं मुंबईला जाईल," गुणाजी म्हणाले.

"जाऊ दे की. भाव तरी बरा येईल."

सगळ्या हसल्या. विमान चालवणारे मेहेरवानजी नावाचे पारशी गृहस्थ होते. मनानं चांगले, पण उशीर झाला की चिडायचे. त्यांनी आम्हाला डब्यात चढवलं. मी उजवीकडच्या खिडकीशी, गुणाजी डावीकडच्या. विमान उत्तरेला तोंड करून धावू लागलं. माझ्या बाजूला माड, खळं आणि बायका मागे पळत होत्या. त्यांच्या बाजूला समुद्र. मग खालचा खडखडाट थांबला, चाकं वाळूवरून उचलली. बुधाजीनं बावटा उतरवला का, ते मी पाहिलं नाही. मी समोरच्या फळीकडे पाहत होतो.

आम्ही माडांच्या शेंड्यांच्या बरेच वर आलो असू. होड्यांबरोबर आलेल्या घारी आता किनाऱ्याकडे वळल्या होत्या. मेहेरवानजींना त्या दिसल्या असणार, कारण विमान थोडं कललं. पण घार घाबरली की बाजूला जात नाही, ती खाली सूर मारते. ओलं गोणपाट भिंतीवर आपटावं तसा आवाज झाला. पाठोपाठ मागे काच फुटल्याचा आवाज आला. आणि विमान असं थरथरू लागलं की माझे दात एकमेकांवर वाजू लागले. एक घार पुढच्या पंख्यात गेली होती. पंखा लाकडाचा, त्याचं एक टोक तुटलं होतं. दुसरी घार मेहेरवानजींच्या काचेतून त्यांच्या तोंडावर आली होती.

त्यांनी पहिली गोष्ट केली ती एंजिन कमी करण्याची. पुढे अलिबागच्या दवाखान्यात त्यांनी मला समजावून सांगितलं. पंखा मोडला की आधी एंजिनाचा जोर काढायचा, नाहीतर ते हिसक्यांनी जागेवरून उपटून जातं. मग नाक जरा खाली ठेवायचं, वेग सोडायचा नाही. आणि इतक्या खालून माघारी वळायचं नाही, समोर जे असेल त्यावर उतरायचं. "पण समोर काय होतं ते मला दिसतच नव्हतं ना, मास्तर," ते म्हणाले.

थरथर कमी झाली तेव्हा मागून त्यांचा आवाज ऐकू आला. "डोळ्यात काच गेली. काय पण दिसत नाय. समोर काय हाय? कोणीतरी बोला."

मी समोरची फळी घट्ट धरली. गुणाजी गुडघ्यांवर उठले. एक हात खिडकीच्या चौकटीला, तोंड मागच्या लहान खिडकीशी, नजर बाहेर.

"समोर खडक. खाडीचं तोंड," ते म्हणाले. "डाव्या अंगाला घे. दर्यावर."

साहेबांना ते एरवी अहो-जाहो करायचे. आता होडीवरच्या माणसाशी बोलावं तसं बोलत होते. आवाज चढवलेला, पण घाईचा नाही.

"हळू. आजून. डावा पंख लई खाली गेला, उचल. बस. आता अशीच घे."

विमान समुद्रावरून मोठा वळसा घेऊन माघारी दक्षिणेकडे वळू लागलं. एंजिन अर्ध्याच जोरावर होतं, जेमतेम पेलत होतं. आम्ही सावकाश खाली येत होतो. गुणाजी उंची सांगत होते, तीही त्यांच्या मापानं.

"दोन माड. वाळू डाव्या अंगाला. दीड माड. सरळ ठेव."

आता दिशा उलटली होती. किनारा त्यांच्या खिडकीत होता आणि माझ्या खिडकीत नुसतं पाणी. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढं सगळं यावरच आलं.

"एक माड," गुणाजी म्हणाले. मग जरा थांबले. मग म्हणाले, "उजव्या अंगाला घे. पान्यात."

"पाण्यात?" मागून मेहेरवानजी ओरडले. "नाय, नाय. रेतीवर घे. रेती कुठे हाय?"

"वाळू न्हाय. पान्यात घे. पानी मऊ हाय."

क्षणभर काहीच झालं नाही. मग विमान उजवीकडे कललं. मेहेरवानजींना ते पटलं होतं असं नाही. पण दुसऱ्या कोणाचे डोळे त्यांच्याजवळ नव्हते.

पाणी मऊ नसतं. चाकं पाण्याला लागली आणि कोणीतरी खालून पाय ओढावा तसं विमान थांबलं, शेपटी वर गेली आणि आम्ही नाकावर उभे राहिलो. माझं गळ्याखालचं हाड मोडलं. गुणाजींचं कपाळ फळीवर आपटून फाटलं. पाणी कमरेएवढंच होतं. त्यांनी दार लाथेनं उघडलं, मला बाहेर ढकललं आणि वर चढून मेहेरवानजींचा पट्टा सोडू लागले.

तोवर बायका पाण्यात आल्या होत्या. नीराबाई सर्वांत पुढं. "साहेबाला धरा आधी. आमचा आपल्या पायानं येतोय," असं ती ओरडत होती. या बायका विमान पडण्याआधी कुठं होत्या, खळ्यावर की ओल्या वाळूवर, हे मला सांगता येणार नाही. मला किनाऱ्यावर निजवलं तेव्हा ओल्या वाळूत थोडे बोंबील पडलेले दिसले. ते त्या दिवशीचे होते की आदल्या भरतीनं आणलेले, ते कोणाला सांगता येईल?

मेहेरवानजींचा एक डोळा वाचला. विमान काही वाचलं नाही. भरती आली, लाटांनी त्याचं कापड फाडलं, आणि दुसऱ्या दिवशी फक्त एंजिन आणि काही फळ्या उरल्या.

आठवड्यानं अलिबागला कचेरीत चौकशी झाली. मुंबईहून एक गोरे अधिकारी आले होते. शेजारी मामलेदार आणि कंपनीचा माणूस. दुभाषा म्हणून एक कारकून. बाहेर पायरीवर वाड्यातली माणसं बसली होती. घारी विमानावर आदळल्या त्याला कोणी काही करू शकत नव्हतं, एवढं सगळ्यांनी मान्य केलं. प्रश्न पुढचाच होता. समोर चांगली आखलेली वाळू असताना विमान पाण्यात का गेलं? वाळूवर माणसं होती म्हणून गेलं असेल तर हुकूम मोडला होता. आणि मग खळं जाणार होतं.

आधी मेहेरवानजींनी सांगितलं की, मला दिसत नव्हतं, पुढचा माणूस सांगेल तसं मी केलं. मग माझी पाळी आली. मी गळ्यात हात बांधून उभा होतो. मला विचारलं, वाळूवर कोणी होतं का? मी म्हणालो, मी समुद्राच्या बाजूला होतो, मला वाळू दिसली नाही. ते खरंच होतं.

मग गुणाजींना बोलावलं. कपाळावर पट्टी, हातात रुमाल.

"वाळूवर माणसं होती?"

"न्हाय, साहेब."

"जनावर? होडी? काही अडथळा?"

"काय न्हवतं."

"मग तुम्ही पाण्यात उतरवायला का सांगितलंत?"

"मना वाटलं, पानी मऊ पडल."

कारकुनानं ते इंग्रजीत सांगितलं. कंपनीचा माणूस हसला. अधिकारी हसले नाहीत. त्यांनी कारकुनाकरवी विचारलं, "सगळा हिवाळा तुम्ही वाळू आखत होता. विमान वाळूवर उतरतं हे तुम्ही स्वतः पाहिलं आहे. मग असं कसं वाटलं?"

गुणाजींनी रुमाल एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. मग म्हणाले, "बघितलं, व्हय. पन वर बसल्यावर ते ध्यानात ऱ्हात न्हाय. होडी आपटली तर वाळूवर फुटते, साहेब. पान्यात तरते. जल्मभर त्येच केलं. मना होडीच वाटली."

"म्हणजे चूक तुमची?"

"माझीच. साहेबांची न्हाय, कुनाचीच न्हाय."

मामलेदारांनी पुन्हा विचारलं, "वाळूवर कोणी नव्हतं, हे नक्की?"

"नक्की."

हे सगळं त्यांनी इतकं सरळ सांगितलं की, मला तिथल्या तिथं वाटलं, हे खरंच असं झालं असणार. समुद्रावर जन्म गेलेल्या माणसाला जीव वाचवायची वेळ आली तर पाणीच आठवणार. संध्याकाळी घरी पडल्यावर मात्र मला ते "एक माड" म्हणून थांबले होते, ते आठवलं. त्या थांबण्यात त्यांच्या खिडकीतून काय दिसलं असेल? पाटी डोक्यावर घेतलेली बाई? की फक्त वाळू, आणि मनात होडी? दोन्ही उत्तरं मला सारखीच खरी वाटत. अजून वाटतात.

खळं जागेवर राहिलं. मेहेरवानजींचं लायसन राहिलं. कंपनीनं पुढच्या हिवाळ्यात विमान पाठवलं नाही आणि बावट्याचा हुकूम कोणाच्या लक्षातही उरला नाही.

गुणाजींचं मात्र तसं झालं नाही. तांडेल म्हणजे ज्याच्या नजरेवर दहा-बारा घरं रात्री निर्धास्त झोपतात तो माणूस. ऐन वेळी वाळू सोडून पाण्यात जा म्हणणाऱ्याच्या नजरेवर कोण विसंबणार? त्या नारळी पौर्णिमेला नारळ दर्यात सोडून होड्या बाहेर काढल्या तेव्हा मोठ्या होडीच्या नाळीवर बुधाजी उभा होता. कोणी भांडलं नाही, कोणी गुणाजींना जा म्हणालं नाही. त्यांनीच डोक्याला रुमाल बांधला नाही आणि घरी थांबले, असं मी ऐकलं.

वाड्यात एक म्हण झाली. पोरगं डोंगरावरून घसरलं, कोणी खाटेवरून पडलं, की दुसरा विचारायचा, "काय रे, पानी मऊ होतं का?" गुणाजींच्या समोरही म्हणत. ज्या बायकांचं खळं वाचलं त्याही म्हणत. मी एकदा त्यांच्या ओटीवर बसलो होतो तेव्हा नीराबाईच म्हणाली, "एवढा मोठा तांडेल, मास्तर, न् म्हनं पानी मऊ. न्हानपनी आईनं न्हाऊ घातला न्हाय वाटतं."

गुणाजी हसले. तीही हसली. दोघांच्या हसण्यात मला काही फरक सापडला नाही. ती सगळं जाणून नवऱ्याला साथ देत होती, की तिचाही त्या उत्तरावर विश्वास होता, हे मला कळलं नाही. मी चहा पिऊन उठलो.

नंतर ते खळ्यावरच काम करू लागले. पुरुष सहसा ते करत नाहीत. बोंबलांच्या जोड्या करून, एकाच्या तोंडात दुसऱ्याचं तोंड अडकवून दांडीवर टाकायचे. ते हे सावकाश, नीट करायचे. दुपारी माडाच्या सावलीत जाळी दुरुस्त करायचे. होडीवर ते परत कधी गेले की नाही, मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही.

एकोणीसशे अडतीसच्या उन्हाळ्यात मी हरिहरेश्वरच्या शाळेत नवी नोकरी धरली. निघण्याच्या आदल्या दिवशी मी वाड्यात गेलो. त्या वेळी मी मनाशी ठरवलं होतं की, आज विचारायचं. पुन्हा गाठ पडेल न पडेल, आणि आम्ही दोघंच होतो त्या डब्यात. मला सांगण्यात त्यांचं काय जाणार होतं?

ते खळ्याच्या कडेला जाळं पसरून बसले होते. जाळ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवलेलं. मागे सगळ्या दांड्या बोंबलांनी भरल्या होत्या, आणि बायका जवळा उलटापालटा करत होत्या. कोणीतरी काहीतरी बोललं आणि त्या हसल्या. नीराबाईचा आवाज त्यात वेगळा ओळखू येत होता.

मी वाळूत बसलो. नव्या नोकरीचं सांगितलं. ते म्हणाले, देवाचं गाव हाय, बरं झालं. सुई जाळ्यातून चालत राहिली.

"तांडेल," मी म्हणालो, "एक विचारायचं होतं."

त्यांनी हातातली सुई थांबवली आणि माझ्याकडे पाहिलं. एरवी ते बोलताना माणसाकडे फारसे पाहत नसत. त्यांची नजर कठोर नव्हती. विनवणीचीही नव्हती. त्यांनी फक्त वाट पाहिली. मी विचारलं असतं तर त्यांना काहीतरी उत्तर द्यावंच लागलं असतं, आणि ते त्या बायकांच्या इतक्या जवळ बसून.

"तिकडं मासळी कशी मिळते?" मी म्हणालो.

ते जरा थांबले. मग सुई पुन्हा चालू लागली.

"मासली बरी मिलते. रावस असतो. पन विहिरीचं पानी मचूळ हाय. पोटाला बाधल, ताक पीत जा."

"बरं," मी म्हणालो. "येतो मग."

"या. उन्हाचं जाऊ नका, माडाखालून जा."